शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकीकरणाबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय

विषय : उपजिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातील ऑटोक्लेव्ह व जंतुसंसर्ग प्रतिबंधाच्या व्यवस्थेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, तंत्रज्ञ व कक्षसेवक आहोत. सिझेरियन, हर्निया आणि दुर्बिणीतून होणाऱ्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया येथे एकाच टेबलावर होतात. टाके काढायला आलेल्या बाळंतिणीच्या जखमेत पू दिसतो, तेव्हा तिच्या शस्त्रक्रियेच्या साहित्याचा ड्रम आपण भरला होता का, हा प्रश्न आम्हाला घरी गेल्यावरही सोडत नाही.

सर्वांत निकडीची बाब ऑटोक्लेव्हची. धनुर्वात आणि गॅस गँगरीनच्या जीवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांना दाबाखालची वाफ लागते : गुंडाळलेल्या साधनांच्या संचासाठी १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, ३० मिनिटे. आमच्या यंत्राचा दाबमापकाचा काटा अडकतो. मध्येच वीज गेली तर वेळ पहिल्यापासून मोजायला हवा. शस्त्रक्रियांची यादी लांबलचक असेल त्या दिवशी तो मोजला जातोच असे नाही, हे आम्ही येथे स्पष्टपणे नोंदवतो. ड्रमला लावलेल्या निर्देशक टेपवरच्या रेषा काळ्या झाल्या की ड्रम ‘झाला’ असे धरले जाते. पण टेप बाहेरच्या बाजूची खूण आहे. ठासून भरलेल्या ड्रमच्या पोटात वाफ पोचली का, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक संचाच्या आत रासायनिक पट्टी हवी आणि आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसची बीजाणू-चाचणी हवी. वाफेला अत्यंत चिवट असलेले हे बीजाणू मेले, तरच यंत्रावर भरवसा ठेवता येतो. नवा ऑटोक्लेव्ह मंजूर होईपर्यंत दाबमापक बदलून मिळावा व यंत्र जनरेटरला जोडावे.

कुटुंबनियोजन शिबिराच्या दिवशी दुर्बीण २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये २० मिनिटे बुडवून पुढच्या स्त्रीसाठी वापरली जाते. बीजाणू नष्ट व्हायला याच द्रावणात सुमारे १० तास लागतात. वर ती नळाच्या पाण्याने धुतली जाते. या पाण्यात क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले मायकोबॅक्टेरिया असू शकतात. त्यांचा संसर्ग झाला तर जखम भरल्यावर कित्येक आठवड्यांनी तेथे गाठ येते आणि नेहमीची प्रतिजैविके तिला पुरत नाहीत. म्हणून धुण्यासाठी निर्जंतुक पाणी व दुर्बिणीचे जादा संच द्यावेत, आणि शिबिरातील शस्त्रक्रियांची संख्या उपलब्ध संचांवरून ठरवावी, उद्दिष्टावरून नव्हे.

वॉर्डात अजून शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ब्लेडने केस काढतात. त्यामुळे होणाऱ्या बारीक कापांत त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस घर करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केस काढूच नयेत, आवश्यक असल्यास क्लिपर वापरावा. दोन क्लिपर मिळाले तरी आमचे काम भागेल.

शस्त्रक्रियागृहात दिली जाणारी फॉर्मलिनची धुरी बंद करावी. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, आणि रक्ताचे डाग पुसल्याशिवाय धुरीचा उपयोगही नाही. त्याऐवजी प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर टेबल व फरशी पुसण्यासाठी केवळ या विभागाचे दोन सफाई कामगार नेमावेत.

शस्त्रक्रियेनंतर ३० दिवस जखमेची नोंद ठेवणारी वही आम्ही स्वतः सुरू करण्यास तयार आहोत. त्यासाठी लेखी आदेश द्यावा आणि पुढील शिबिराची तारीख ठरण्यापूर्वी आम्हाला भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
शस्त्रक्रियागृहातील सर्व कर्मचारी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)