स्वावलंबनाच्या तराजूत सिंधुदुर्ग

शहरी धकाधकीला विटलेल्या अनेक सुशिक्षित कुटुंबांना गावाची ओढ लागली आहे. २०२० च्या टाळेबंदीने ती अधिकच तीव्र केली. थोडी जमीन, एक विहीर, दोन गायी आणि स्वतः पिकवलेले अन्न, असे हे स्वप्न. त्यासाठी अनेकांची दृष्टी सिंधुदुर्ग जिल्ह्याकडे वळते. म्हणूनच हा जिल्हा भावनेने नव्हे, हिशेबाने तोलला पाहिजे.

जमेची बाजू भक्कम आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भात, नाचणी, कुळीथ, नारळ, फणस, कोकम आणि किनाऱ्यावर मासळी. काजू आणि हापूस रोख पैसाही देतात. गोठ्यातल्या शेणावर चूल पेटू शकते, हे झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने बायोगॅसच्या कामातून दाखवून दिले आहे.

आता नावेची बाजू. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही. आषाढात तुडुंब भरलेली विहीर वैशाखात तळ गाठते. वानर आणि गवे हातातोंडाशी आलेले पीक नेतात. एकेका सात-बारावर डझनावारी नावे असतात; आणि जो शेतकरी नाही, त्याला १९४८ च्या कूळ कायद्यानुसार परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. गंभीर दुखण्यात अनेक रुग्णांना आजही गोव्यातील बांबोळीचे रुग्णालय गाठावे लागते.

पूर्वीचे कोकण स्वयंपूर्ण होते, हा समजही तपासून घ्यावा. गहू, तूरडाळ, कांदा घाटावरूनच येत असे आणि त्याची किंमत मुंबईच्या गिरणीतून आलेली मनीऑर्डर चुकवीत असे. कोकणी माणूस काटकसरी होता, स्वयंपूर्ण नव्हता.

तथापि, खरी उणीव पाण्याची वा जमिनीची नाही, माणसांची आहे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. पावसाळा सरल्यावर ओहोळावर बंधारा घातला, तर विहिरींना पाणी टिकते आणि वायंगणाचे भातही घेता येते. पण बंधारा एकट्याने घालता येत नाही. लावणी असो की पिकाची राखण, वाडीतले हात लागतातच. हात गेले, म्हणून शेते पडीक झाली आणि पडीक रानातून वानर अंगणापर्यंत आले.

तेव्हा कुंपण घालून एकट्याचे स्वावलंबन साधू पाहणाऱ्याला हा जिल्हा दाद देणार नाही. तो वाडीला पोसू शकतो, एकाकी बंगल्याला नाही. जाऊ इच्छिणाऱ्याने आधी एक वैशाख आणि एक आषाढ तिथे काढावा. वडिलोपार्जित जमीन असेल, तर भाऊबंदांशी वाटणीचा प्रश्न प्रथम सोडवावा. नसेल, तर शेजाऱ्याचे पडीक शेत त्याच्या संमतीने अर्धेलीने कसून पाहावे. जो बंधाऱ्याच्या कामाला चिखलात उतरेल, त्यालाच हा जिल्हा आपला म्हणेल.