उरलेली कोंबडी आणि फ्रीजर



उरलेले चिकन फ्रीजरमध्ये ठेवणे म्हणजे आजाराला आमंत्रण, असे गेल्या अंकातील पत्रलेखिका म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे, पण दोष ओट्याचा आहे. दुपारचा रस्सा झाकून रात्रीपर्यंत ओट्यावरच राहतो. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, आणि काहींचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून उरलेले दोन तासांत, मे महिन्यात तर तासाभरातच, आत जायला हवे. अख्खे पातेले ठेवू नये. मधला रस्सा कितीतरी वेळ कोमट राहतो. एका जेवणापुरते उथळ डब्यांत काढावे, वर बोटभर जागा सोडावी, तारीख लिहावी. उणे १८ अंशांवर दोन-तीन महिने चव छान टिकते. बटाट्याच्या फोडी मात्र आधीच काढाव्यात, त्या पार भुसभुशीत होतात. ओल्या नारळाचे वाटण फुटते. ढवळत उकळले की बरेचसे जुळून येते. डबा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवावा, दुसऱ्या दिवशी रस्सा चांगला खदखदू द्यावा. लागेल तेवढाच तापवावा.

इतके पाळणाऱ्या घरातले चांगले अन्न केवळ भीतीपोटी कचऱ्यात जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

– एक वाचक, पुणे