अंथरुणाची सक्ती नको

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीचे निदान झाले, की आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही पहिली आज्ञा सुटते ती एकच : 'आता स्वस्थ पडून राहा.' ही आज्ञा मायेपोटी निघते याविषयी आम्हांस शंका नाही. पण ती हितकर आहे काय, हा खरा प्रश्न होय.

या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिनचे वेष्टन कुरतडू लागते. पाय जड होतात, तोल जातो, दृष्टी अंधुक होते, थकवा पाठ सोडीत नाही. रोग गाठतो तोही बहुधा विशी-चाळिशीच्या दरम्यान, ऐन कर्तृत्वाच्या काळात. आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक.

व्यायामाच्या भीतीलाही इतिहास आहे. श्रमानंतर अशा रुग्णांची दृष्टी काही काळ मंदावते, असे विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली नोंदविले. दोष श्रमाचा नसून शरीरातील वाढलेल्या उष्णतेचा आहे, आणि अंग निवले की लक्षणेही ओसरतात, हे पुढे कळले. तरीही वैद्यकाने कित्येक दशके रुग्णांस श्रम वर्ज्य ठरविले. अखेर १९९६ मध्ये अमेरिकेतील यूटा येथील संशोधकांनी १५ आठवड्यांच्या नियमित व्यायामाने रुग्णांची शक्ती व उमेद वाढते, असे दाखवून दिले. सौम्य वा मध्यम अपंगत्व असलेल्या प्रौढांनी आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे बेताचा व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा, असे कॅनडातील २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

याचा अर्थ उद्यापासून जोर-बैठकांचा सपाटा लावावा, असा नव्हे. आरंभ डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्याने व्हावा. सकाळचा गारवा साधावा, पंखा व थंड पाणी जवळ असावे, मध्येमध्ये विसावा घ्यावा. तोल सावरण्यास भिंतीचा वा भक्कम खुर्चीचा आधार असावा. ताप असेल वा रोगाने नव्याने उचल खाल्ली असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांस विचारावे. दुसऱ्या दिवशीही थकवा उरला, तर मात्रा अधिक झाली असे समजावे.

परंतु सारा भार रुग्णावर टाकून समाजास मोकळे होता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या व्याधीस आपल्या सूचीत स्थान दिले. पण कायद्याने दिलेला हक्क उखडलेल्या पदपथावर अडखळत असेल, तर त्याचा उपयोग काय? उद्यानांत आधाराचे कठडे व सावलीतील बाके, पायऱ्यांशेजारी उतरण, तरणतलावांवर सकाळची राखीव वेळ, एवढे महापालिकेस अशक्य नाही. आणि घरच्यांनी एवढेच करावे : रुग्णाच्या वाटचे चालणे आपण चालू नये, त्याच्या सोबतीने चालावे.