जुन्या काळचा पोशाख कोणता?

गेल्या हिवाळ्यात आमच्या कार्यालयात एक लग्नपत्रिका आली. चळवळीत उभी हयात घालविलेल्या एका कार्यकर्त्याच्या मुलीचे लग्न. मुलगी इंजिनिअर, मुलगाही इंजिनिअर. पत्रिका मातकट रंगाच्या, मुद्दाम जुन्या दिसणाऱ्या कागदावर छापलेली. कडा जाळून काळपट केलेल्या, वर लाल लाखेची मोहोर. विवाहस्थळ, दक्षिण गोव्यातील एक समुद्रकिनारा. वेळ सूर्यास्ताची. आणि सर्वांत खाली सूचना होती, 'थीम : व्हिंटेज. पाहुण्यांनी कृपया जुन्या काळच्या पोशाखात यावे.'

पत्रिका घेऊन आलेल्या बापाला आम्ही विचारले, "हे व्हिंटेज म्हणजे काय?" तो ओशाळल्यासारखा हसला. म्हणाला, "काय सांगू भाऊ, सगळं जुन्या जमान्यासारखं दिसलं पाहिजे म्हणतात पोरं. ग्रॅच्युइटीतले पैसे काढलेत." आम्ही पुढे काही विचारले नाही. पण पत्रिकेवरची ती सूचना काही केल्या डोक्यातून जाईना. जुन्या काळचा पोशाख! कोणत्या जुन्या काळचा? आणि कोणाचा?

आमच्या समाजाचा जुन्या काळचा पोशाख कोणता होता, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे. हा आमचा 'ड्रेस कोड' होता! त्याच ग्रंथात इंदूरकडच्या बलाई समाजाची हकिकत आहे. १९२८ साली तिकडच्या पंधराहून अधिक गावांतील सवर्णांनी बलाईंना नियम घालून दिले. जरीकाठी पागोटे घालायचे नाही. रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने अंगावर घालायचे नाहीत. आणि सवर्णांच्या लग्नात मात्र वरातीपुढे वाजंत्री वाजवायची. म्हणजे लग्नातील आमची जागा ठरलेली होती. मांडवात नव्हे, मांडवाबाहेर! त्याच ग्रंथात जयपूर संस्थानातील चकवारा गावाचा प्रसंग आहे. एका अस्पृश्याने तीर्थयात्रेहून आल्यावर जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. एवढ्यासाठी सवर्णांनी लाठ्या घेऊन पंगत उधळली. ज्यांना पानात तूप वाढून घेण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांनी आज 'जुना काळ' भाड्याने आणायचा, ही गोष्ट आम्हाला तरी सहज गिळता आली नाही.

तरीही आम्ही लग्नाला गेलो, आणि जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगतो. सजावट देखणी होती. नारळीच्या झाडांमध्ये पिवळ्या दिव्यांच्या माळा. वाळूत मांडलेल्या जुन्या लोखंडी ट्रंका, एकावर एक रचलेल्या. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, एक टाईपरायटर, काचेचे कंदील, लेस लावलेले टेबलक्लॉथ, वाळलेल्या गवताचे तुरे. प्रवेशाशी जुनी पद्मिनी गाडी उभी होती. एका बाजूला रिकामी पालखी होती, फोटो काढण्यासाठी. समुद्राचे वारे मात्र कोणाची थीम पाळीत नाही. मेणबत्त्या पेटेनात, लेसचे कापड उडून पाण्याकडे पळे आणि पोऱ्या त्याच्यामागे पळे. ग्रामोफोन बंदच होता. गाणी लपवून ठेवलेल्या स्पीकरवर चालू होती. या गमतीवर आम्हीही हसलो. सूर्य पाण्याला टेकत असताना त्रिशरण-पंचशील झाले, वधूवरांनी एकमेकांना हार घातले, तेव्हा बापाच्या डोळ्यांत पाणी होते. आमच्याही होते.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या मुलांनी हौस करू नये, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. "यांना कशाला हवे हे थेर?" असे म्हणणारे गावोगाव आहेत आणि त्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावात २०१८ साली एका दलित तरुणाला गावातून वरात नेण्यासाठी महिनोन्‌महिने सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले आणि अखेर पोलिसांच्या पहाऱ्यात वरात निघाली. राजस्थानात बुंदी जिल्ह्याच्या पोलिसांना २०२२ साली दलित नवरदेवांना घोड्यावर बसता यावे म्हणून 'ऑपरेशन समानता' नावाची मोहीम काढावी लागली. लग्न थाटात करणे ही ज्यांच्यासाठी आजही लढाई आहे, त्या समाजाला साधेपणाचे प्रवचन ऐकवताना जीभ जपून वापरावी लागते. आमची मुलगी समुद्रकाठी ताठ मानेने उभी राहते, ही चळवळीचीच कमाई आहे.

आमचा वाद हौसेशी नाही. वाद आहे तो त्या 'व्हिंटेज' शब्दाशी. हा शब्द भूतकाळ धुऊन, इस्त्री करून विकतो. त्यात पालखी असते, पण पालखीखालचे खांदे नसतात. मशाल असते, पण मशाल धरणारा हात नसतो. वतनदारीच्या गावगाड्यात पाटलाच्या घरी लग्न निघाले की लाकडे कोणी फोडायची, सांगावे घेऊन कोणी पळायचे आणि पंगती उठल्यावर उष्ट्यासाठी कोणी ताटकळायचे, हे आमच्या आज्या-पणज्यांना पाठ होते. ती महारवतने रद्द व्हावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. हा काळ इतका लांबचा नाही. तो आठवणाऱ्या बाया अजून आपल्या घरात आहेत.

गोव्याच्या भूमीलाही हाच न्याय लागू आहे. तिथे 'व्हिंटेज' म्हणजे पोर्तुगीज काळचा बंगला, शिंपल्यांची खिडकी, रंगीत फरशी. पण त्याच पोर्तुगीज राजवटीत धर्मन्यायालयाने १७३६ च्या एप्रिलमध्ये हुकूम काढून स्थानिकांच्या लग्नातील देशी वाद्ये, ओव्या आणि पानविड्याच्या चालीरीतींवर बंदी घातली होती. लग्नात काय गावे आणि काय वाजवावे, हे ठरविण्याची हौस सत्ताधाऱ्यांना सगळीकडेच असते. फरशी तेवढी उरली, हुकूम विस्मरणात गेला.

आता आमचे स्वतःचे व्हिंटेज लग्न सांगतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील गोष्ट. मुंबईत भायखळ्याचा बाजार. रात्री बाजार उठल्यावर, मासळी विकायच्या उघड्या छपरात एका कोपऱ्यात नवऱ्याकडचे लोक, दुसऱ्या कोपऱ्यात नवरीकडचे. बसायला विक्रेत्यांचे दगडी ओटे. ओट्यांखालून गटाराचे पाणी वाहते आहे. पहाटे बाजार भरायच्या आत जागा रिकामी करायची आहे. नवरी अवघी नऊ-दहा वर्षांची. त्या छपरात भीमराव आणि रमाई यांचे लग्न लागले. त्या मांडवातही समुद्राचा वास होता, मासळीचा! त्या लग्नातून जे उभे राहिले, त्याच्या बळावर आज आमच्या मुली इंजिनिअर होऊन कुठे लग्न करायचे ते स्वतः ठरवतात. या लग्नाचे चित्र मात्र त्या किनाऱ्यावर कुठे दिसले नाही. ट्रंका होत्या, त्यांत काही नव्हते.

दुसरा मुद्दा पैशाचा. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना बजावले होते की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, संसाराची जबाबदारी पेलण्याइतकी कमाई झाल्याशिवाय ती त्यांच्यावर लादू नका. लग्न झालेल्या स्त्रीने नवऱ्याशी मैत्रिणीच्या नात्याने, बरोबरीने वागावे, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. स्वतः १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दुसरा विवाह केला तो राहत्या घरी, मोजक्या माणसांत, कायद्याने नोंदणी करून. त्याआधी महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीशिवाय पहिला विवाह अगदी थोड्या खर्चात लावला आणि त्यासाठी सावित्रीबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. आपल्याकडे साध्या लग्नाची परंपरा आहे ती गरिबीतून आलेली नाही, विचारातून आलेली आहे. पूर्वी भटजी आणि सावकार मिळून आम्हाला लग्नात बुडवीत. आज भटजी गेला. त्याच्या जागी इव्हेंट मॅनेजर आला आणि सावकाराच्या जागी बँकेचे पर्सनल लोन आले, तर आम्ही मिळविले काय? ज्या जोडप्याने स्वतःच्या कमाईतून, कर्ज न काढता खर्च केला, त्याला आम्ही बोल लावणार नाही. पण बापाची ग्रॅच्युइटी हे त्याच्या म्हातारपणाचे औषधपाणी आहे. त्याचे कंदील करून वाळूत लावू नका.

आणि माणसांचे काय? लांबच्या किनाऱ्यावरचे लग्न म्हटले की पाहुण्यांची यादी आवळावी लागते, कारण प्रत्येक माथ्यामागे तिकीट आणि खोली. त्या किनाऱ्यावर सत्तर-ऐंशी माणसे होती. त्यांत मुलाच्या कंपनीतील मित्र होते, ते असावेतच. पण ज्या वस्तीने त्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी घरोघर वर्गणी काढली, त्या वस्तीतील चार घरेही नव्हती. ज्या काकूने आई आजारी असताना तिला दोन वर्षे डबा दिला, तिला पत्रिका मिळाली. तिकीट कोण देणार? मांडवाबाहेर कोण उभे राहणार हे पूर्वी जात ठरवीत असे. आता ते रेल्वेचे आणि विमानाचे भाडे ठरवणार असेल, तर बाहेर राहणारी माणसे तीच राहतील, हे ध्यानात घ्या.

किनाऱ्याचाही विचार करा. ओहोटीत उघडी पडणारी वाळू कोणा हॉटेलवाल्याच्या मालकीची नसते, ती सर्वांची आहे. त्या संध्याकाळी दोरी बांधून किनारा अडवला होता आणि होडीकडे निघालेला एक मच्छीमार दोरीला वळसा घालून गेला. सार्वजनिक पाण्यासाठी १९२७ साली महाडला जाणाऱ्यांच्या वारसांनी ती दोरी आधी सोडायला सांगायला हवी होती. किनाऱ्यावर तात्पुरता मांडव घालायलाही गोव्याच्या किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. शिवाय लग्नाचा हंगाम तोच ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम. आगोंद, गालजीबाग, मोरजी, मांद्रे येथे माद्या रात्री वाळूत अंडी घालायला येतात. किनाऱ्यावर झगमगाट असेल तर त्या परत फिरतात आणि पिल्ले समुद्र समजून दिव्यांकडे चालू लागतात. आपल्या एका रात्रीच्या रोषणाईसाठी कोणाची वाट चुकू नये, ही शिकवण पाणातिपातापासून विरत राहण्याचे शील घेणाऱ्यांना आम्ही वेगळी सांगावी काय?

त्या संध्याकाळची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख संपवता येत नाही. नवरीची आजी, ऐंशीच्या घरातली, पांढऱ्या लुगड्यात खुर्चीवर बसली होती. फोटोवाला पोरगा म्हणाला, "आजी, त्या कंदिलापाशी बसा, एकदम व्हिंटेज दिसाल." आजीने कंदिलाकडे पाहिले आणि विचारले, "ह्यो भाड्यानं आणला व्हय?" मग म्हणाली, "आमच्याकडं ह्योच होता. पोरगा अभ्यासाला बसला की मी अंधारात भाकरी थापायची. रॉकेल पुरत नव्हतं." तो पोरगा म्हणजे आज ग्रॅच्युइटी मोडणारा बाप. फोटोवाल्याने फोटो काढला. नवरी मात्र ऐकत उभी राहिली आणि मग आजीशेजारी वाळूत बसली. त्या सगळ्या सजावटीत आम्हाला खरी जुनी वस्तू दिसली ती एवढीच.

तरुण मित्रांनो, जुना काळ लग्नात जरूर आणा, पण आपला आणा. तो भाड्याने मिळत नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत. आजोबांचा गिरणीतला पास, रात्रशाळेचा दाखला, घरातील पहिल्या मॅट्रिकची गुणपत्रिका, आजीने लुगड्यांची शिवलेली वाकळ, १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला जाताना घेतलेली पांढरी साडी कोणाच्या पेटीत असेल तर ती. हे प्रवेशाशी मांडा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा. पालखी ठेवायचीच असेल तर ती कोण वाहत होते तेही लिहा. मग मांडव समुद्रकाठी असो की वस्तीतल्या विहाराच्या पटांगणात, आमची तक्रार राहणार नाही. मात्र वस्तीतली माणसे त्यात असली पाहिजेत.

आणि पत्रिकेवर पोशाखाची अट घालू नका. कोणी काय नेसायचे हे दुसऱ्याने ठरविण्याचा काळ आपण एकदा भोगला आहे. पाहुण्यांनी आपल्याला आवडेल ते, स्वच्छ आणि काठाचे, ताठ मानेने नेसून यावे. जयभीम!