पोरीच्या हाती कॅमेरा



सोलापूरच्या एका भगिनीचं पत्र आलंय. घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या तेरा वर्षांच्या मुलीला त्यांनी आपला जुना मोबाईल दिला. पोरगी त्यावर नुसते माणसांचे फोटो काढते. आजीचे, शेजारणींचे, भांडी घासणाऱ्या आईचे. "एकाही फोटोत कुणी हसत नाही हो! काहीतरी चांगलं काढायला शिकवू, की मोबाईल परत घेऊ?" असं त्या विचारतात.

ताई, दोन्ही नको.

वेंडी इवाल्ड नावाच्या एक अमेरिकन छायाचित्रकार आहेत. १९७० नंतरच्या दशकात त्या केंटकीच्या डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या मुलखात राहायला गेल्या. बाहेरचे फोटोवाले तिथं यायचे ते गरिबी टिपायला. इवाल्डबाईंनी तिथल्या शाळकरी पोरांच्याच हाती साधे इन्स्टामॅटिक कॅमेरे दिले, फिल्म धुवायला नि फोटो छापायला शिकवलं. विषय कोणते? स्वतः, घरची माणसं, जनावरं आणि स्वप्नं! एका मुलाला स्वप्न पडलं होतं, की आपल्या हातून जिवलग मित्राचा जीव गेला. त्यानं मित्राला झाडाच्या बेचक्यात मान टाकून पडायला लावलं आणि फोटो काढला. तुमच्या-आमच्यापैकी कुणी त्याला तो काढू दिला असता का? १९८५ साली या मुलांच्या फोटोंचं पुस्तक निघालं. पुढे बाई आपल्या गुजरातेतही एका खेड्यातल्या मुलांबरोबर राहिल्या.

चूक मीही केलेली आहे, बरं का. सुट्टीत वस्तीतल्या मुलांचा वर्ग घेत होते. एका मुलीनं वडिलांचा फोटो आणला, तोही पाठमोरा, दारातून बाहेर पडतानाचा. मी लगेच म्हटलं, "अगं, चेहरा कुठाय?" ती म्हणाली, "बाबा मला असेच दिसतात. मी उठते तेव्हा निघालेले असतात." मी आपली गप्प बसले.

तेव्हा काय काढायचं ते तिला ठरवू द्या. कसं काढायचं ते मात्र जरूर दाखवा. माणसाला दाराजवळ किंवा खिडकीशी बसवावं, उजेड एका बाजूनं येऊ द्यावा. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. खाली बसलेल्या माणसाचा फोटो आपणही खाली बसून काढावा. लांबून मोठं करून पाहण्यापेक्षा दोन पावलं पुढं जावं. आणि आधी विचारावं. समोरची 'नको' म्हणाली तर नको. तिचे फोटो तुम्हीही तिला न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका हं!

महिन्याकाठी तिच्या पसंतीचे चार-पाच फोटो कागदावर छापून द्या. प्रत्येकामागं दोन ओळी तिच्या हातानं लिहू द्या. शुद्धलेखन तपासायला बसू नका.

आणि भांडी घासणाऱ्या आईचा तो फोटो आधी आईला दाखवायला सांगा. ठेवायचा, की पातळ बदलून दुसरा काढायचा, ते त्या मायलेकी बघतील.