मिरचीचा ठसका आणि दह्याचा उतारा

ज्या घरांत चातुर्मास्याचीं व्रतें यथाशास्त्र पाळलीं जातात, तेथील गृहिणीस आजच्या आमच्या विषयासाठीं कार्तिक सरण्याची वाट पाहावी लागते. पहिल्या मासांत शाक वर्ज्य, दुसऱ्यांत दहीं, तिसऱ्यांत दूध आणि चवथ्यांत द्विदल. आणि भाज्या घातलेले हरभऱ्याच्या डाळीचे वडे व सोबत दहीं म्हटलें कीं, यांपैकीं तीन निषेध एकाच ताटांत येऊन बसतात! आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, भज्यांचा बेत करून घेण्याची चाल आहे ती उगीच नव्हे. पुढें मार्गशीर्ष लागला कीं, मेथी, कोबी, गाजर कोंवळीं व मुबलक मिळूं लागतात. तोच या वड्यांचा खरा काळ.

आमचें धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. बासरची सरस्वती येथून जवळच, पण ती तेलंगणांत. त्यामुळें आमच्या जिभेवर दोन्हीं प्रांतांचे संस्कार. तथापि हें तिखट आपल्याकडे पुरातन नाहीं. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या मागून ती या देशांत आली. वडे मात्र फार जुने. लातूरच्या दक्षिणेस असलेल्या कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत वटकांचें वर्णन आहे. त्या पाकशाळेंत तिखटपणा होता तो मिऱ्यांचा.

आतां कृति. आठ माणसांस दोन वाट्या हरभऱ्याची डाळ चार तास भिजवावी व चाळणींत पूर्ण निथळावी. दोन चमचे डाळ अख्खी बाजूस ठेवून बाकीची चार हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढें आलें व चमचाभर जिरें यांसह पाणी न घालतां भरड वाटावी. बारीक वाटली तर वडा घट्ट होतो. तींत चिरलेली मेथी, कोबी, किसलेलें गाजर व कोथिंबीर मिळून दीड वाटी, दोन चमचे तांदळाचें पीठ, धणेपूड, हळद, हिंग व अख्खी डाळ मिसळावी. मीठ तळण्याच्या वेळींच घालावें. आधीं घातल्यास भाज्यांस पाणी सुटून मिश्रण सैल पडतें. तेलांत मिश्रणाचा कण टाकतांच तो वर आला म्हणजे तेल तापलें. ओल्या तळव्यावर वडे चपटे थापून एका वेळीं पांच-सहाच सोडावे. अधिक सोडल्यास तेल निवतें आणि वडे तें पितात. आंच मध्यम असावी, नाहींतर वरून तांबूस व आंत कच्चे राहतात.

दोन वाट्या दहीं फडक्यांत अर्धा तास टांगावें. काकडी किसून पिळून घालावी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिंग-मोहरीची फोडणी आणि वरून धर्माबादी तिखट चिमूटभर. मीठ पंगत बसतांना घालावें. तिखट लागल्यावर मुलें पाण्याकडे धांवतात, तें व्यर्थ. मिरचींतील दाहक द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्धांशांत विरघळतें. शिवाय दह्यांतील प्रथिन तें जिभेवरून ओढून नेतें. दांत गेलेल्या वडीलधाऱ्यांसाठीं चार वडे थोड्या पातळ केलेल्या दह्यांत अर्धा तास मुरवावे.

वडा खावयाचा तो ऊन ऊन. परंतु बारा माणसांच्या घरांत घाणा निघेल तसा पंक्तींत जातो, आणि सकाळपासून निवडणें, वाटणें, तळणें करणारी सून शेवटीं बसते तेव्हां पातेल्याच्या तळाशीं दोन गार, मऊ पडलेले वडे असतात. कित्येकदां तेही नसतात. ज्या अन्नाची स्तुति आपण सर्वांनीं केली, त्याची खरी चव तें करणारीस ठाऊक नसावी, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. म्हणून आमच्या घरीं असा नियम आहे कीं, नैवेद्य निघाल्यावर पहिला घाणा लेंकरांचा आणि दुसरा करणारीचा. तिनें पाट मांडून बसावयाचें व तोंवर झारा घरच्या पुरुषानें धरावयाचा. आम्ही स्वतः तो धरतों. मिश्रण सिद्ध असल्यावर तळणें हें कांहीं रूपावली पाठ करण्याहून अवघड नाहीं. प्रथम सुनांनाच संकोच वाटे. आतां दुसरा घाणा निघाला कीं, त्या आम्हांस कढईपाशीं बोलावतात. वाचकांनींही येत्या मार्गशीर्षांत हा क्रम एकवार ठेवून पाहावा.