फोन घरातून खिशात गेला, पण नंबर कुणाचा?

घरातला लँडलाइन काढून टाकला आणि मोबाइल आला, या विषयावर गेल्या काही वर्षांत भरपूर लिहून झाले आहे. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत, व्हॉट्सअॅपवर. गोल फिरणारी डायल, फोनवर घातलेले विणलेले झाकण, ट्रंक कॉलची वाट पाहणे, पाठ असलेले नंबर. हे सगळे वाचताना आम्हाला एकच प्रश्न पडतो. मित्रहो, या आठवणी नक्की कुणाच्या आहेत?

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२ साली. त्यानंतर जवळजवळ १२० वर्षांनी, २००१ च्या जनगणनेत, भारतातल्या १०० पैकी फक्त ९ घरांत फोन होता. उरलेल्या ९१ घरांत आपल्या वस्त्या होत्या की नव्हत्या, हे कळायला समाजशास्त्रात एम.ए. करावे लागत नाही. ज्यांच्या घरी फोन होता त्यांनी तो गेल्याचे दुःख खुशाल करावे. आपल्या बहुसंख्य घरांत लँडलाइन आलाच नाही, त्यामुळे तो गेलाही नाही.

आपल्याकडे होता तो 'पी.पी.' नंबर. तरुण मित्रांना हा शब्द कदाचित माहीत नसेल. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर नंबर लिहायचा आणि पुढे पी.पी. लिहायचे. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपला. तो दुसरा कोण? किराणा दुकानदार, डॉक्टर, गावात असेल तर सरपंच किंवा पाटील. खेड्यात सरकारने दिलेला सार्वजनिक फोनही पुष्कळदा गावातल्या वजनदार माणसाच्या ताब्यातच असायचा. त्याला वाटले तर तो निरोप देणार, नाही वाटले तर नाही. मुलाखतीचा निरोप चार दिवसांनी मिळालेली, मयताची बातमी माती झाल्यावर कळलेली माणसे आजही आपल्या वस्तीत आहेत, त्यांना विचारून पाहा. आणि ज्याच्या विरुद्ध तक्रार करायची त्याच्याच ओसरीवर फोन असेल, तर पोलिसांना कळवायचे कसे?

म्हणून मोबाइल आला तेव्हा आपल्या समाजाने तो हातोहात उचलला, यात नवल नाही. ३१ जुलै १९९५ रोजी भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला तो एका मुख्यमंत्र्याने केंद्रीय मंत्र्याला केलेला होता. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे लागत. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झाले आणि मग हे यंत्र गवंड्याच्या, हमालाच्या, ऊसतोड कामगाराच्या खिशात गेले. मिस कॉल ही तर गरिबाने शोधलेली भाषा होती. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू कर. २०११ च्या जनगणनेत फोन असलेली घरे ६३ टक्क्यांवर गेली आणि त्यातली बहुतेक फक्त मोबाइलवाली होती. आपल्या समाजाने लँडलाइनच्या जागी मोबाइल घेतला नाही. त्याने पी.पी. च्या जागी मोबाइल घेतला. दुकानदाराची मर्जी गेली आणि आपला नंबर आला. अत्याचाराचा व्हिडिओ, धमकीचे रेकॉर्डिंग, रात्री दोन वाजता कार्यकर्त्याला लागलेला फोन, हे सारे त्यानंतर शक्य झाले.

हा बदल सगळ्यांना रुचला असेही नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. वादाचे निमित्त होते त्याच्या मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. दुसऱ्याच्या दारात उभे राहून फोन ऐकणारा माणूस जातीयवाद्यांना चालत होता. स्वतःच्या खिशातून बाबासाहेबांचे नाव ऐकवणारा चालला नाही.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे. पण आपल्यापैकी अनेक लेखक इथेच थांबतात, आणि आमचा मतभेद इथूनच सुरू होतो. फोन घरातून खिशात गेला, मान्य. पण खिसा कुणाचा?

आमच्या घरी १९९९ मध्ये लँडलाइन आला. वडील आरक्षणामुळे सरकारी नोकरीत लागले होते, म्हणून तो परवडला. मग गल्लीतल्या दहा-बारा घरांच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर पी.पी. म्हणून छापला जाऊ लागला. फोन घेणे, पोराला पळवून शेजारच्या घरी निरोप देणे, कोणी घरी नसेल तर वहीत लिहून ठेवणे, हे सारे आई करायची. त्या गल्लीचे एक्स्चेंज तीच होती. पुढे लँडलाइन परत केला. घरात दोन मोबाइल होते, एक वडिलांच्या खिशात आणि एक आमच्या. दहा घरांचे फोन घेणाऱ्या बाईकडे स्वतःचा नंबर उरला नाही. शेवटी तिनेच एक दिवस सांगितले, "माझ्या नावावर सिम पाहिजे, माझ्या आधारवर." आणि घेतले.

लँडलाइन फळीवर असायचा. बैठकीत सगळ्यांच्या कानासमोर बोलावे लागे, हे खरे, आणि मुलींना त्याचा जाच होता, हेही खरे. पण जो घरात असेल तो उचलणार, हा त्याचा नियम होता. दिवसभर घरात असणारी बाई त्यामुळे जगाशी जोडलेली राहायची. मोबाइल घरातल्या कर्त्या पुरुषाबरोबर कामावर जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनीच सांगितले की आपल्याकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल आहे. २०१९ मध्येच गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या १२ गावांतील पुढाऱ्यांनी अविवाहित मुलींना मोबाइलबंदीचा ठराव केला. आपण त्या ठरावाचा निषेध करतो, करायलाच हवा. पण ठराव न करता तोच कारभार आपल्या किती घरांत चालतो? "पोरीला कशाला पाहिजे फोन, भावाचा आहे ना," हे वाक्य दाराशी निळा झेंडा लावलेल्या घरांतही आम्ही ऐकतो. भावाचा फोन म्हणजे बहिणीचा पी.पी. नंबरच झाला की!

कुणी म्हणेल, हा घरगुती प्रश्न आहे, चळवळीचा नाही. आम्हाला तसे वाटत नाही, कारण नंबर आता फक्त बोलण्यासाठी राहिलेला नाही. बँक, आधार, रेशन, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, ई-श्रम, या सगळ्या दारांची किल्ली म्हणजे ओटीपी. आणि ओटीपी माणसाकडे येत नाही, नंबरकडे येतो.

आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथली एक मुलगी. बारावी झाली, कॉलेजात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. आधारला जोडलेला नंबर मोठ्या भावाचा. भाऊ पुण्याला कामाला गेला, तिथे नवे सिम घेतले, जुन्यात रिचार्ज केला नाही. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस थांबवून कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तसेच झाले. मुलीच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जात राहिला. आधार केंद्राच्या रांगेत तिच्या आईच्या तीन रोजी बुडाल्या, तेव्हा नंबर बदलला. तोवर कॉलेजचे शुल्क भरा म्हणून तगादा सुरूच होता. बाबासाहेबांनी झगडून मिळवलेला शिक्षणाचा हक्क एका बंद पडलेल्या सिममध्ये अडकून पडला होता.

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला बाईच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपीही मागितला गेला. विधवेने, टाकून दिलेल्या बाईने तो कुठून आणायचा? बाईचा पैसा बाईच्या खात्यात, पण किल्ली पुन्हा पुरुषाच्या फोनमध्ये. मनुस्मृती तरी वेगळे काय सांगत होती?

दुसरा प्रश्न पैशाचा. पूर्वी एकदा 'लाइफटाइम' कार्ड घेतले की फोन येत राहायचे. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी इनकमिंगसाठीही किमान रिचार्ज सक्तीचा केला. तेव्हा तो ३५ रुपयांचा होता. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एका मोठ्या कंपनीचा २८ दिवसांचा प्लॅन १९९ रुपयांना झाला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला १३ रिचार्ज, म्हणजे २,५८७ रुपये, तेही एका माणसाचे. चार माणसांच्या मजुराच्या घरात हिशेब कुणाच्या नंबरावर कापला जातो? आधी बाईच्या, मग मुलीच्या. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे प्लॅन द्यायला लावले. मोठ्या कंपन्यांनी ते काढले ८४ दिवसांचे, चारशेच्या वर. रोजंदारीवर जगणारा एवढे पैसे एकदम काढणार कसे?

तिसरी गोष्ट विसरू नये. लँडलाइनची तार सरकारच्या हातात होती आणि त्या खात्यात आरक्षण होते. लाइनमनपासून अभियंत्यापर्यंत आपली माणसे तिथे लागली, त्यांची मुले शिकली. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने एकाच वेळी बाहेर पडले. खासगी मोबाइल कंपन्यांत आरक्षण नाही. म्हणजे ग्राहक म्हणून आपण आत गेलो आणि नोकरदार म्हणून बाहेर फेकले गेलो.

चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. पाणी मात्र प्यायले गेले २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब काठावर उतरले तेव्हा. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, हे महाडने आपल्याला शिकवले आहे. मोबाइल सर्वांना खुला आहे, हे वाक्यही आज त्या ठरावासारखेच आहे.

मग करायचे काय? पहिले काम आपल्या घरात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलीचे, प्रत्येक बाईचे सिम तिच्याच नावावर आणि तिच्याच आधारला, तिच्याच बँक खात्याला जोडलेले असावे. आपल्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर पाहता येते, ते पाहून घ्यावे. दुसरे काम विहारात. रविवारच्या वंदनेनंतर एक तास वही घेऊन बसा. कुणाच्या आधारला कुणाचा नंबर आहे, तो चालू आहे का, याची घरोघर नोंद करा. ओटीपी मात्र कुणाचाही मागू नका, लिहून घेऊ नका. जूनच्या प्रवेशाआधी हे झाले तर कितीतरी शिष्यवृत्त्या वाचतील. तिसरे काम रस्त्यावरचे. नंबर जिवंत ठेवण्यासाठी अगदी स्वस्त रिचार्ज आणि ओटीपीशिवाय अंगठ्यावर अर्ज भरण्याची सोय, या मागण्या घेऊन समाजकल्याण कार्यालयापासून ट्रायपर्यंत निवेदने गेली पाहिजेत. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत टेलिफोन हा विषय केंद्र सूचीत, ३१ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे 'हा कंपन्यांचा धंदा आहे' म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

जयंतीच्या वर्गणीत डीजेसाठी जेवढे पैसे जातात, त्यातल्या एका भागात वस्तीतल्या सगळ्या एकट्या बायकांचे नंबर वर्षभर चालू राहतील. यंदाच्या बैठकीत हा विषय मांडा. कोण विरोध करतो ते पाहा, आणि त्याच्या घरातल्या बाईचा नंबर कुणाच्या नावावर आहे, तेही विचारा.

जय भीम! जय संविधान!